पंडिता रमाबाई : उघड्या दारामागची श्रद्धा

पुण्याच्या सनातनी समाजाने त्यांना धर्मबुडव्या ठरविले, सुधारकांनी त्यांची साथ सोडली आणि ज्या चर्चने त्यांना बाप्तिस्मा दिला, त्या चर्चलाही त्या हट्टी व अवज्ञाकारी वाटल्या. तरीही पंडिता रमाबाईंनी आपली श्रद्धा लपविली नाही आणि ती कोणाच्या हुकमाने बदललीही नाही.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे स्थानक आहे. जलद गाड्यांतील प्रवाशांचे त्याकडे सहसा लक्ष जात नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळाने होरपळलेल्या शेकडो मुली आणि विधवा याच स्थानकाच्या आसपासच्या माळरानावर उतरल्या आणि तेथेच त्यांना नवे आयुष्य मिळाले. त्यांना घेऊन येणारी बाई पांढरे लुगडे नेसणारी, कानांनी जवळजवळ बहिरी आणि संस्कृतात अस्खलित बोलणारी होती. कलकत्ता आणि पुणे येथील विद्वानांनी एके काळी जिची वाहवा केली, तीच ही बाई. ख्रिस्ती झाल्यानंतर मात्र तिचे नाव घेताना अनेकांच्या कपाळावर आठ्या पडू लागल्या.

पंडिता रमाबाईंचे स्त्रीशिक्षणातील कार्य आज पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. विधवांच्या दुःखाला त्यांनी वाचा फोडली, याचा गौरवाने उल्लेख होतो. त्यांच्या धर्मश्रद्धेचा विषय निघाला की मात्र एक अवघडलेली शांतता पसरते. वास्तविक त्या श्रद्धेला वगळून रमाबाईंचे चरित्र समजत नाही. त्या श्रद्धेसाठी त्यांनी जी किंमत मोजली, ती त्यांच्या कार्यापेक्षा कमी महत्त्वाची नाही.

उडुपीच्या सभेतला वारसा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे गाढे पंडित. तरुणपणी ते पुण्यात ज्या गुरूंकडे शिकत होते, ते पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखातून गीर्वाणवाणी ऐकून अनंतशास्त्रींच्या मनाने घेतले की आपणही पत्नीला संस्कृत शिकवायचे. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे ते जमले नाही. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला मात्र त्यांनी शिकविले. समाजाने आक्षेप घेतला, तेव्हा उडुपी येथे जमलेल्या शास्त्रीमंडळींसमोर उभे राहून त्यांनी धर्मग्रंथांतील आधारांनिशी आपली बाजू मांडली. तरीही विरोध थांबला नाही, तेव्हा ते रानात जाऊन राहिले. पण पत्नीचे शिक्षण त्यांनी सोडले नाही.

रमाबाईंना संस्कृत शिकविले ते याच आईने. पहाटेच्या अंधारात लेकीला जवळ घेऊन लक्ष्मीबाई श्लोक म्हणवून घेत. पुढे कुटुंबाच्या वाट्याला दारिद्र्य आले आणि तीर्थयात्रा व पुराणकथन यांवर निर्वाह सुरू झाला. दक्षिणेतील दुष्काळाने हे कुटुंब अक्षरशः पोळून काढले. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीणही गेली. उरलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडले. व्रते, उपवास, दाने, देवदर्शने यांत काहीही कमी केले नसताना देव धावून आला नाही, ही बोच त्या काळात तिच्या मनात रुतली. पुढच्या सगळ्या धर्मविचाराचे मूळ या बोचेत आहे.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी विशीतल्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. याच शहरात तिने प्रथम ख्रिस्ती लोकांची उपासना पाहिली. खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकलेले ते लोक बहुधा खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत, असे या भावंडांना तेव्हा वाटले होते. कोणीतरी संस्कृत बायबल भेट दिले, तेही तिला फारसे कळले नाही. पुढे ज्या श्रद्धेसाठी तिने सर्वस्व पणाला लावले, तिची पहिली ओळख अशी गमतीशीर झाली होती.

सिल्चरमधील छोटी पुस्तिका

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास मरण पावला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात आणि प्रांत या दोन्ही भिंती ओलांडणारा हा विवाह त्या काळी धक्कादायक होता. हे दांपत्य आसामातील सिल्चर येथे राहू लागले. तेथे घरच्या ग्रंथसंग्रहात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली. ती त्यांनी आवडीने वाचली. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन बायबल समजावून सांगू लागले. आपण हा धर्म स्वीकारावा, असे रमाबाईंना वाटू लागले आणि त्यांनी ते पतीला बोलून दाखविले.

त्यांच्या श्रद्धेला पहिला विरोध येथे, घरातूनच झाला. मिशनच्या शाळेत शिकलेल्या बिपिनबाबूंना बायबलची ओळख होती. पण पत्नीने उघडपणे बाप्तिस्मा घेऊन लोकांनी हिणविलेल्या ख्रिस्ती समाजात जावे, हे त्यांना पसंत नव्हते. त्या मिशनऱ्याचे घरी येणेही बंद व्हावे असे त्यांना वाटले. हा प्रश्न पुढे कसा सुटला असता, हे सांगता येत नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबूंचा अंत झाला. अवघ्या दीड-पावणेदोन वर्षांचा संसार संपला आणि तान्ह्या मनोरमेला कडेवर घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्याने त्यांचे स्वागत केले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व त्यांचे सुधारक मित्र यांच्या पाठिंब्याने १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन झाला. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना रमाबाईंनी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची गरज मांडली. स्वतः वैद्यकीय शिक्षण घ्यावे, या हेतूने त्यांनी इंग्लंडला जाण्याचे ठरविले आणि ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा केला. निघताना आपण ख्रिस्ती होणार नाही, असे त्यांनी लोकांना सांगितले होते. पुढे हेच आश्वासन त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वारंवार पुढे केले गेले.

वाँटेज आणि बाप्तिस्मा

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडमधील वाँटेज येथे सेंट मेरी भगिनीसंघाच्या आश्रयाने राहिल्या. याच संघाच्या भगिनी पुण्यातही काम करीत असत. लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनींनी चालविलेले एक आश्रयस्थान रमाबाईंनी पाहिले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने वागविले जात होते. ज्यांच्या सावलीलाही आपल्याकडे कोणी उभे राहत नाही, अशा स्त्रियांची सेवा हे लोक का करतात, हा प्रश्न त्यांनी विचारला. तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीला विहिरीवर भेटलेल्या येशूची कथा सांगण्यात आली. ही कथा त्यांच्या अंतःकरणाला भिडली. बुद्धीच्या शंकांचे निरसन केले ते फादर नेहेम्या गोरे यांनी. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले होते. चित्पावन पंडिताने चित्पावन पंडितेशी पत्रांतून केलेली ती चर्चा होती.

बाप्तिस्म्याच्या काही काळ आधी रमाबाईंच्या सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी विष घेऊन आत्महत्या केली. परक्या देशात एकुलती एक मैत्रीण अशा रीतीने गेल्याचा आघात सोसतच २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात या वार्तेने खळबळ उडाली. पंडिता आणि सरस्वती म्हणून जिला मिरविले, तिने विश्वासघात केला, अशी भावना सनातन्यांबरोबर सुधारकांतही होती. वृत्तपत्रांतून त्यांच्यावर झोड उठली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मधील ‘सत्सार’ या पुस्तिकेतून रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली. असे अपवाद विरळ होते.

चर्चशी झालेला झगडा

ख्रिस्ती झाल्यावर रमाबाई चर्चच्या आज्ञेत मुकाट्याने राहतील, अशी जर कोणाची अपेक्षा असेल तर ती फोल ठरली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. दोघींत जिव्हाळा होता; पण लवकरच पत्रांतून वाद झडू लागले. येशूवर विश्वास ठेवला तरी त्रैक्याचे तत्त्व केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून मान्य करायला रमाबाई तेव्हा तयार नव्हत्या. बायबल स्वतः वाचून जे पटेल तेच मानायचे, हा त्यांचा बाणा होता. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून आपण मोठ्या प्रयासाने सुटलो, आता दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घेणार नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

वादाचे विषय कधी लहान वाटत, पण रमाबाईंच्या दृष्टीने ते लहान नव्हते. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, आपल्या संस्कृतात काय उणे आहे, असे त्यांनी विचारले. मांसाहार करायला त्यांनी नकार दिला आणि तो अखेरपर्यंत पाळला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या १८८४ पासून शिक्षण घेत होत्या व संस्कृत शिकवीत होत्या. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकविण्याचा विषय निघताच हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला. त्यामुळे मायदेशातील स्त्रियांमध्ये त्यांचे वजन कमी होईल, असे कारण देण्यात आले. आपल्या आईने पुरुषांना शिकविले तेव्हा वडिलांनी आणि आपण शिकविले तेव्हा पतीने कधी हरकत घेतली नाही. मग सुधारलेल्या म्हणविणाऱ्या इंग्रज धर्मगुरूंनी ती घ्यावी याचे त्यांना आश्चर्य वाटले. ज्या घरातून त्या आल्या होत्या, त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडून दिला नव्हता.

बहिरेपणामुळे डॉक्टर होण्याचे स्वप्न मागे पडले. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ झाला. नात्यातल्या या मुलीच्या गौरवासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाअखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई मंडळ स्थापन होऊन हिंदुस्थानातील बालविधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. मंडळात विविध ख्रिस्ती पंथांचे लोक होते. शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींच्या आचारधर्मात ढवळाढवळ करायची नाही, ही अट रमाबाईंनी स्वीकारली.

शारदा सदन आणि उघडे दार

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच गोदूबाईंशी पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई अथवा बाया कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे सन्मान्य गृहस्थ सल्लागार मंडळात होते. त्यांच्या नावावर विश्वास ठेवूनच अनेक ब्राह्मण कुटुंबांनी आपल्या विधवा मुली एका ख्रिस्ती बाईच्या हवाली केल्या होत्या. सदनात मुलींचे सोवळे-ओवळे, पूजा, व्रते चालू असत.

त्या वेळच्या पुण्याचे वातावरण समजून घेण्यासाठी एक प्रसंग पुरेसा आहे. १८९० मध्येच पंचहौद मिशनमधील एका कार्यक्रमास शहरातील प्रतिष्ठित मंडळी गेली होती. तेथे चहा पुढे करण्यात आला. एवढ्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि रानड्यांसारख्या माणसालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपभर चहासाठी जेथे प्रायश्चित्त, तेथे बाप्तिस्मा घेतलेल्या बाईच्या घरात आपली मुलगी ठेवणे म्हणजे काय दिव्य असेल, याची कल्पना करता येईल.

रमाबाई रोज पहाटे आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत. त्या वेळी खोलीचे दार त्या उघडे ठेवीत. सदनातील कोणत्याही मुलीला त्यांच्याकडे केव्हाही येण्याची मुभा असे, मग प्रार्थनेच्या वेळीच दार का लावायचे, हा त्यांचा साधा विचार होता. काही मुली कुतूहलाने येऊन बसू लागल्या. काही गुडघे टेकू लागल्या. ही बातमी शहरात पसरायला वेळ लागला नाही. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने शारदा सदनावर टीकेची धार धरली. शिक्षणाच्या पडद्याआड धर्मप्रसार चालला आहे, असा त्या टीकेचा रोख होता.

सल्लागारांनी तडजोडीचे मार्ग सुचविले. दार लावून प्रार्थना करावी, मुलींना येऊ देऊ नये, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना ते मान्य झाले नाही. आपण कोणालाही बोलावीत नाही, वर्गात धर्म शिकवीत नाही, हिंदू मुलींच्या आचाराला हात लावीत नाही. पण स्वतःच्या घरात स्वतःच्या देवाची प्रार्थना चोरून करणार नाही आणि आपणहून आलेल्या मुलीला हाकलणारही नाही, अशी त्यांची भूमिका होती. दिलेला शब्द आपण पाळीत आहोत, याची त्यांना खात्री होती.

येथे दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. रानडे आणि भांडारकर हे प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ होते, धर्मवेडे नव्हते. पालकांनी आपल्या शब्दावर मुली पाठविल्या, त्या मुली आईच्या मायेने वागविणाऱ्या बाईच्या प्रभावाखाली येणार, हे त्यांना दिसत होते. उघड्या दाराचे आकर्षण उपदेशाहून मोठे असू शकते, हा त्यांचा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये त्यांनी सदनाशी असलेला संबंध तोडला. त्यानंतर वीस-पंचवीस मुलींना पालकांनी घरी नेले. शहरात बदनामी इतकी झाली की सदन बंद पडणार, असे अनेकांना वाटले.

रमाबाई डगमगल्या नाहीत. योगायोग असा की बाहेरून विरोध वाढत असतानाच त्यांची श्रद्धा आतून पक्की होत गेली. ख्रिस्ती धर्म आपण स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला सापडला का, हा प्रश्न त्यांना छळत होता. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले आणि त्यांना जो अंतरीचा अनुभव आला, तो त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात सांगितला आहे. तर्काने स्वीकारलेल्या मताला आता जिवंत भक्तीचे बळ मिळाले होते. बोस्टनच्या मंडळाचा विश्वास टिकून राहिला, गेलेल्या मुलींच्या जागी नव्या मुली आल्या आणि शारदा सदन चालू राहिले.

केडगावचा माळ

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बालपणीच्या उपासमारीची आठवण रमाबाईंना स्वस्थ बसू देईना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगचे थैमान सुरू होते व शहरात इतक्या लोकांना ठेवणे शक्य नव्हते. संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून केडगावला जमीन घेतलेली होती. तेथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्ती सदनाचा आरंभ झाला. प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी हेळसांड होत होती, तिच्याबद्दल रमाबाईंनी १८९७ मध्ये इंग्रजी पत्रातून सरकारवर उघड टीका केली. ख्रिस्ती झालेली बाई इंग्रज सरकारची बटीक असणार, असा ज्यांचा समज होता त्यांना हे उत्तरच होते.

१८९८ मध्ये बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत संपली. त्याबरोबर धर्मशिक्षण न देण्याची अटही संपली. यापुढे आपली संस्था उघडपणे ख्रिस्ती असेल, असे रमाबाईंनी जाहीर केले. मदत देणाऱ्यांच्या भरवशावर न राहता परमेश्वराच्या भरवशावर संस्था चालवायची, असा त्यांचा निर्धार होता. पुढे गुजरातेतील १८९९-१९०० च्या दुष्काळात आणखी शेकडो निराधार आल्या आणि केडगावच्या वस्तीची संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. अंध स्त्रियांसाठी ब्रेल लिपीची सोय झाली. विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे बायका स्वतः करू लागल्या.

दुष्काळात अन्न देऊन धर्म दिला, असा आरोप तेव्हाही झाला आणि आजही होतो. उपाशी माणसाची निवड कितपत मुक्त असते, हा प्रश्न रास्तच आहे. त्याच वेळी हेही खरे की त्या मुलींना रस्त्यावरून उचलायला त्या वेळी फारच थोडे लोक पुढे आले होते. रमाबाईंनी आपला हेतू कधी दडविला नाही. सदन निधर्मी असताना त्यांनी ते निधर्मी म्हणून चालविले आणि मुक्ती ख्रिस्ती असताना ते ख्रिस्ती म्हणूनच सांगितले. त्यांच्याशी मतभेद असणाऱ्यालाही हा सरळपणा मान्य करावा लागतो.

शब्दांची अखेरची सेवा

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली. उपलब्ध मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या बाईला जड जाते आणि त्यातले पुष्कळ शब्द मूळ अर्थापासून दूर नेतात, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. संस्कृतची पंडिता माजघरातल्या बोलीकडे वळली. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्ती सदनातील स्त्रियांनी केली. ज्यांना एके काळी अक्षरओळखही नव्हती, त्यांच्या हातून हा ग्रंथ उभा राहिला.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. मानसन्मानापेक्षा त्यांचा जीव मनोरमेत होता. इंग्लंड-अमेरिकेत शिकून परतलेली ही मुलगी आईचा उजवा हात बनली होती. तिच्या हाती संस्था सोपवायची, असे ठरले होते. परंतु २४ जुलै १९२१ रोजी मनोरमेचे निधन झाले. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलते एक अपत्य, असे सर्वांचे मृत्यू पाहिलेल्या रमाबाईंनी दुःख गिळून भाषांतराचे काम चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी शेवटचा श्वास घेतला. तेथेच त्यांचे दफन झाले. त्यांचे मराठी बायबल त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मुक्ती मिशन केडगावला आजही कार्यरत आहे. तथापि दीर्घकाळ मराठी सार्वजनिक जीवनाने रमाबाईंना परके मानले, तर ख्रिस्ती जगताने त्यांच्या स्वतंत्र बुद्धीपेक्षा त्यांच्या धर्मांतराचेच अधिक कौतुक केले. दोघांनाही त्या पुरत्या पेलल्या नाहीत.

उडुपीच्या पंडितांपुढे ग्रंथ उघडून उभा राहिलेला बाप आणि पुण्याच्या टीकेपुढे दार उघडे ठेवून गुडघे टेकणारी लेक यांच्या धर्माची नावे वेगळी होती. जे आपल्याला खरे वाटते ते लपवायचे नाही, पटल्यावाचून कोणाचे ऐकायचे नाही आणि त्यापायी जे सोसावे लागेल त्याबद्दल तक्रार करायची नाही, ही रीत मात्र एकच होती. रमाबाईंचा ख्रिस्त ज्यांना मान्य नाही, अशा वाचकांनाही या रीतीपुढे क्षणभर थांबावेसे वाटेल. पहाटेच्या त्या प्रार्थनेचे दार एकदा लावून घेतले असते, तर सल्लागार राहिले असते, मुली राहिल्या असत्या, पुण्यातील नावही राहिले असते. हे सारे ठाऊक असूनही रमाबाईंनी ते दार लावले नाही.